शेवटची कधी घेतलीस?

मार्च २०२०चा शेवटचा आठवडा. मोरणा खोऱ्यातल्या आमच्या शाळेचे दोन वर्ग रिकामे करून तिथं मुंबईहून आलेल्या माणसांची सोय केली होती. आमच्या पाटण तालुक्यात मुंबईला माणूस नाही असं घर सापडणं अवघड. कोरोनाच्या टाळेबंदीनं गाड्या थांबल्या तसा जो तो मिळेल त्या वाहनानं गावाकडं निघाला. कुणी भाजीच्या टेम्पोतून आला, कुणी दुधाच्या टँकरमधून, शेवटचा रस्ता सगळ्यांनीच पायी तुडवला. गावानं त्यांना वेशीवर अडवलं आणि चौदा दिवसांसाठी शाळेत ठेवलं. मी त्या शाळेचा शिक्षक, म्हणून रात्रीची राखण माझ्याकडं आली. हातात एक वही, एक तापमापक आणि विचारायला तीन प्रश्न : ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का?

त्यांच्यात वाशीच्या बाजारात माथाडीचं काम करणारा एकजण होता. चाळिशीतला, शंभर किलोची गोणी पाठीवर सहज पेलणारा. दुसऱ्या रात्री त्याला झोप लागेना. हात एवढे थरथरत होते की पाण्याचा तांब्या धरवेना. तिसऱ्या रात्री तो उठून भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. घाम निथळत होता, अंग तापलं होतं, आणि तो वर्गातल्या कुणालाच ओळखत नव्हता. हा कोरोनाच, अशी आमची खात्री झाली. बाकीचे अंथरूण घेऊन व्हरांड्यात पळाले. फाटकाबाहेर त्याची आई उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, त्येला बाहेरचं लागलंय. रातीचं कुठं घाटात थांबलं आसतील. अंगारा तेवढा लावा कपाळाला."

पहाटे रुग्णवाहिका आली. दवाखान्यात नखशिखान्त झाकलेल्या डॉक्टरांनी आमच्या वहीत नसलेला चौथा प्रश्न विचारला, "यानं शेवटची दारू कधी घेतली?"

मी गप्प. उत्तर त्याच्या सोबत्यानं दिलं, "पिशवीत एक खंबा हुता सायेब. त्यो वाटंतच संपला. साळंत आल्यापास्नं थेंब न्हाई. त्येच्या आधी धा-बारा वर्सं रोजची."

त्या पहाटे जे कळलं ते मला शिक्षक असून ठाऊक नव्हतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्यापासून चौथ्या दिवसापर्यंत भ्रम होतो, नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतोही. डॉक्टरांनी ते माथाडीलाच कळेल अशा शब्दांत सांगितलं. पाठीवर गोणी असली की माणूस तोल साधायला पुढं वाकतो. वर्षानुवर्षं तसाच वाकून चालला आणि कुणी मागून झटक्यात गोणी उचलली, तर तो तोंडावर पडतो. दारू मेंदूला गुंगी आणते, म्हणून मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून उभा राहायला शिकलेला असतो. दारू अचानक गेली तरी तो जोर लगेच ओसरत नाही. म्हणून गोणी हळूहळू उतरवावी लागते. त्यासाठी औषधं आहेत, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत आणि काही दिवसांची देखरेख आहे. अंगाऱ्यानं ते होत नाही, आणि "सोड की आता, मर्दा" असं म्हणूनही होत नाही.

आमचा माणूस वाचला. सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. केरळात टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात दारू न मिळाल्यानं आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या. तिथल्या सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारूचा पास द्यायचं ठरवलं. डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला आणि उच्च न्यायालयानं तो आदेश थांबवला. ते बरं झालं. हा आजार आहे हे सरकारनं ओळखलं होतं, पण औषध म्हणून दारूच पुढं केली होती. इराणमध्ये दारूनं विषाणू मरतो या अफवेपायी मिथेनॉल पिऊन शेकडो माणसं मेली. आपल्याकडं साखर कारखान्यांच्या आसवन्या सॅनिटायझर बनवायला लागल्या, आणि एप्रिल २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. त्यांना चव किंवा मजा हवी नव्हती. शरीराची थरथर थांबवायला त्यांनी ते ओठाला लावलं असणार. ज्यानं ती थरथर जवळून पाहिली, त्याला त्यांच्यावर हसू येणार नाही.

बाकी वाड्यांवर मात्र त्या दिवसांत वेगळंच काही घडत होतं. २५ मार्च ते ३ मे, मोजून चाळीस दिवस दुकानं बंद होती. ओढ्याकाठी रसायनाची पिंपं पुरून हातभट्टी लावणारे होते, चपटी दामदुपटीनं विकणारेही होते. तरी ज्यांना सवय होती पण शरीर पुरतं अडकलं नव्हतं, अशा कितीतरी जणांची आपोआप सुटली. दिवेलागणीला पुरुष घरात दिसायला लागले. आमचा माथाडी दवाखान्यातून आला तो घरीच राहिला. त्यानं तरव्याची भाजणी केली, कौलं चाळली, पडलेला बांध घातला. त्याची बायको एकदा पाणवठ्यावर माझ्या घरच्यांना म्हणाली, "आक्का, रोग वंगाळ हाय, पर माजं घर आत्ता भरल्यावानी वाटतंय." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ज्या साथीनं जग रडवलं, तिनं त्या बाईला लग्नानंतर पहिल्यांदा शांत झोप दिली होती.

४ मेपासून राज्यात काही ठिकाणी दुकानं उघडली. बातम्यांमध्ये मैलभर रांगा दिसल्या. चाळीस दिवस रिकामी असलेली सरकारी तिजोरीही त्या रांगांकडं बघत होती. दिल्लीनं दारूवर ७० टक्के कोरोना शुल्क लावलं, तरी रांग हटली नाही. महिन्याच्या मध्याला महाराष्ट्रानं घरपोच दारूची परवानगी दिली. आमच्याकडं दुकानं उघडली त्या संध्याकाळी कुणीतरी मित्रानं माथाडीला हाक मारली. "लई दिवस झालं, दोनच घोट." त्या दोन घोटांवर चाळीस दिवस बुडाले.

पुढचं वर्षभर जे पाहिलं, तसंच जगभर घडत होतं. कमी पिणाऱ्यांतल्या अनेकांनी आणखी कमी केली, आणि आधीच जास्त पिणाऱ्यांची वाढली. अमेरिकेत दारूशी संबंधित मृत्यू २०१९मध्ये सुमारे ७९ हजार होते, ते २०२०मध्ये ९९ हजारांवर गेले. ब्रिटनमध्येही एका वर्षात ते सुमारे १९ टक्क्यांनी वाढले. आमच्या वाडीत त्याची कारणं नावानिशी सांगता येतील. बाजार मंदावला, कामावर कधी बोलावणं येईल याचा भरवसा नव्हता. दिवसाला आकार देणारा भोंगा नाही, लोकल नाही, पाळी नाही. म्हणून सकाळीच सुरू. बार बंद म्हणून बाटली घरात आली आणि पोरांच्या अभ्यासाच्या पाटाशेजारी उघडायला लागली. आधी बाप पिऊन येत असे, आता तो पोरांसमोर पीत होता. माझे विद्यार्थी मोबाइलवर तास ऐकत असताना मागून शिव्या ऐकू यायच्या, आणि पोर घाईनं आवाज बंद करायचं.

त्यात २०२१चा जुलै आला. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, झोपलेली माणसं मातीखाली गेली. त्या काळात सांत्वनाला येणारे हळूच म्हणत, "घे जरा, झोप तरी लागंल." दारूनं येते ती गुंगी. ती खरी झोप मोडते आणि दुःख आणखी जड करते. आमच्या माणसानं त्या पावसाळ्यात चुलतभाऊ गमावला आणि पुन्हा अंथरूण धरलं. त्याच्या बायकोनं तेव्हा मला विचारलं, "गुरुजी, कोरोनावाल्याला रोज फोन येत हुता, कसा हाईस म्हणून. आमच्या ह्यास्नी चाळीस दिसांत कोन आलं का इचारायला?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. पण चूक कुठं झाली ते कळतं. सप्टेंबर २०२०मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली. आशाताई डोंगर चढून घरोघर गेल्या, ताप आणि ऑक्सिजन मोजला, मधुमेह आहे का, हृदयविकार आहे का, विचारलं. त्या बायांच्या कष्टांपुढं मी हात जोडतो. पण आमच्या घरी, शेजारी, अख्ख्या वाडीत दारूबद्दल कुणी विचारलं नाही, कारण तो प्रश्न कागदावर नव्हताच. देशात दारूच्या विळख्यात सापडलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतात, असं २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनं सांगितलं होतं. उरलेल्या ३७ जणांच्या दारात आपण त्या वर्षी प्रत्यक्ष उभे होतो, आणि न विचारता परत फिरलो.

दारूबंदीसाठी झगडणाऱ्या बायकांचा मला अभिमान आहे. शेजारच्या जावळी तालुक्यात त्यांनी मतदान करून बाटली आडवी केली. दुकान लांब गेलं की पिणं घटतं, नवी पोरं वाचतात, हे त्या चाळीस दिवसांनी पुन्हा सिद्ध केलं. पण दुकान बंद झाल्यावर तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसणाऱ्या माणसाचं काय करायचं, याची सोयही त्याच ठरावात हवी. आणि शुद्धीवर आल्यावर संध्याकाळी सातला त्यानं कुणाशेजारी बसायचं, हेसुद्धा. अण्णासाहेब पाटील आपल्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांनी माथाडींना एकत्र बांधलं, १९६९मध्ये कायदा झाला, एकट्या हमालाच्या मागं संघटना उभी राहिली. दारू सोडणाऱ्यालाही तशीच संघटना लागते. एकट्याच्या पाठीवर ती गोणी पेलत नाही.

तशी माणसं आहेत. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पुण्यात १९८६पासून 'मुक्तांगण' आहे. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना पैसे लागत नाहीत. टाळेबंदीत या सभा मोबाइलवर भरल्या, म्हणजे रेंज असेल तर डोंगरातूनही बसता येतं. व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे मोफत दूरध्वनी क्रमांक आहेत. माझी मागणी छोटी आहे. आशाताईंच्या वहीत एक ओळ वाढवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात दारू तुटल्यावरची औषधं आणि ती द्यायला शिकलेला माणूस ठेवा. दारूच्या महसुलातला एक वाटा नाव घालून या कामाला द्या.

आमचा माथाडी गेल्या दोन वर्षांत दोनदा उपचारांना जाऊन आला, एकदा पुन्हा घसरला. सध्या वाशीत आहे, पीत नाही, आठवड्याला सभेला बसतो. उद्याचं तो सांगत नाही, मीही विचारत नाही.

मी मात्र तो चौथा प्रश्न विचारायला शिकलो. परवा एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या हातातली बशी खडखडत होती. त्याला बाजूला घेऊन मी विचारलं, "बाळा, शेवटची कधी घेतलीस?" त्यानं मान फिरवली आणि चहा तसाच टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना सुरू असताना तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. म्हणाला, "काल सकाळी, गुरुजी."

आम्ही दोघं तिथूनच दवाखान्यात गेलो.