हरकतीचे तीस दिवस

भिंतीवर लाल रंगाची खूण पडली की आपल्या मोहल्ल्यात बैठक बसते. तोपर्यंत विकास आराखडा मंजूर होऊन कित्येक वर्षे उलटलेली असतात. माझ्या गावात हेच झाले. नगरपालिकेने प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला तेव्हा मी पुण्यात नव्याने नोकरीला लागलो होतो. नोटीस वर्तमानपत्रात आली, नकाशा पालिकेत लागला. आमच्या गल्लीतून बारा मीटरचा रस्ता दाखवला होता. गल्लीत तीन इंजिनिअर, दोन वकील. हरकत एकाचीही नाही. त्या तिघांतला एक मी.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर आपल्यासारख्या लहान शहरांत हरकती व सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. मग नियोजन समिती सुनावणी घेते, पण ज्याने हरकत नोंदवली त्यालाच तिथे बोलता येते. एकदा मंजूर झालेल्या आराखड्याची सुधारणा कायद्याने वीस वर्षांतून एकदा करायची असते. कलम 37 खाली मधे फेरफार होऊ शकतो, पण त्याचा प्रस्ताव पालिकेकडून नाहीतर शासनाकडून यावा लागतो. म्हणजे तीस दिवस झोपलो की पुढची वीस वर्षे अर्ज घेऊन फिरायचे.

दोष फक्त आपला नाही. नोटिशीची भाषा अशी की वकीलही दोनदा वाचेल. नकाशात आपले घर शोधायला सिटी सर्व्हे नंबर पाठ हवा. वस्तीपातळीवर क्षेत्रसभा घेण्याचा कायदा महाराष्ट्राने 2009 साली केला, तुमच्या वॉर्डात अशी सभा कधी झाली ते आठवून पाहा. मुंबईत 2015 साली प्रारूप आराखड्यातल्या चुकांवर एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने तपासून करायला लावला. पण मुंबईत वास्तुविशारद, पत्रकार आणि वॉर्डावॉर्डांत काम करणारे गट होते. तालुक्याच्या गावात हे काम करायला आपल्याशिवाय दुसरे कोण आहे?

वाहतुकीच्या बाबतीत तर हे जास्तच खरे आहे. रस्ते वाहनांसाठी नव्हे, माणसांच्या ये-जा करण्यासाठी आखा, असे केंद्राच्या 2006 च्या शहरी वाहतूक धोरणात लिहिलेले आहे. आराखड्यात मात्र दिसते ती रस्त्याची रुंदी. मालेगावसारख्या शहरात यंत्रमागाची पाळी सुटली की शेकडो कामगार पायी आणि सायकलवर एकदम रस्त्यावर येतात. हे कोणत्या नकाशात आहे? लहान शहरात सिटी बस असली तर असते, खरी वाहतूक शेअर रिक्षाची. तिचा थांबा कुठे, शाळा सुटल्यावर कोणत्या कोपऱ्यावर मुले अडकतात, पावसाळ्यात कोणती गल्ली बंद होते, हे गल्लीतल्या माणसाला माहीत असते. सर्वेक्षकाला कोणी सांगितलेले नसते.

आता थोडे आपल्यांबद्दल. कब्रस्तानच्या जागेचा प्रश्न आला की सगळी जमात एक होते, आणि ते योग्यच आहे. पण फूटपाथसाठी, बसथांब्यासाठी आपण कधी एकत्र आलो? बैठक जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणात होते, तिथे बायका नसतात. माझ्या धाकट्या बहिणीचे कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. संध्याकाळी रिक्षा भरेपर्यंत सुटत नसे, तिला घरी यायला अंधार पडे. दुसऱ्या वर्षी तिने कॉलेज सोडले. घरात सगळ्यांनी त्याला नशीब म्हटले. तो वाहतुकीचा प्रश्न आहे हे मलाही तेव्हा सुचले नाही.

माझ्या धंद्यात सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्याआधी तपासतात, कारण नंतर सापडलेली चूक महाग पडते. आराखड्याचेही तसेच आहे. आराखडा करण्याचा इरादा पालिका जाहीर करते, तेव्हाही सूचना मागवल्या जातात. त्यानंतर सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार होतो. तो येण्याआधी दोन रविवार फिरून ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या गल्ल्या, शाळा, दवाखाना, रिक्षाथांबे नोंदवता येतात. हरकत लिहिताना एका कागदावर एकच मुद्दा, सोबत सर्व्हे नंबर. सुनावणीची मागणी लेखी करा आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. त्याच रस्त्यावर किराणावाले वाणी आहेत, पलीकडे बौद्धवाडा आहे, त्यांचीही घरे त्याच रेषेत येतात. त्यांच्या सह्या घेतल्या तर तो ‘मोहल्ल्याचा विरोध’ म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मुळात तो रस्ता त्यांचाही आहे. आणि प्रत्येक हरकत विरोधाचीच असावी असे नाही. आमच्या गावाला त्या भागात रस्ता हवाच आहे, फक्त तो ओढ्याकाठच्या पडीक जागेतून नेता आला असता, असे माझे मत आहे. हे त्या तीस दिवसांत लिहून द्यायला हवे होते.

आमचा आराखडा मंजूर होऊन आठ वर्षे झाली. कलम 37 खाली काही करता येईल का, हे विचारायला मागच्या महिन्यात गल्लीतल्या दोन्ही वकिलांकडे गेलो. एक तयार आहे. या वेळची बैठक शाळेत ठेवली आहे, बहिणीलाही बोलावले आहे.