बाळाचा पहिला टाहो

प्रसूतिगृहाबाहेर ताटकळलेल्या आजीचा पहिला प्रश्न असतो, ‘‘बाळ रडलं ना?’’ आजीचा हा प्रश्न अगदी शास्त्राला धरून आहे. त्या पहिल्या टाहोबरोबर बाळाच्या रक्ताची वाटच बदलते.

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, द्रव असतो. प्राणवायू पुरवते ती वार. आईचे रक्तच बाळाच्या अंगात फिरते, असे अनेकींना वाटते. पण दोघांचे रक्त एरवी मिसळत नाही. वारेतील पातळ पडद्यातून प्राणवायू व पोषक द्रव्ये तेवढी पलीकडे जातात. नाळेतील एक नीला हे रक्त बाळाकडे आणते. दोन रोहिण्या वापरलेले रक्त वारेकडे परत नेतात.

या रक्तासाठी तीन आडवाटा असतात. पहिली वाट बरेचसे रक्त यकृत टाळून हृदयाकडे नेते. दुसरी म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील झडपेचे छिद्र. त्यातून चांगले रक्त डावीकडे जाऊन मेंदूला मिळते. तिसरी ही एक नलिका. फुप्फुसांकडे निघालेले बहुतेक रक्त ती महारोहिणीत वळवते.

बाळ रडते, फुप्फुसे हवेने फुलतात आणि रक्त तिकडे धावते. डावीकडचा दाब वाढून छिद्राची झडप मिटते. नलिका दोन-तीन दिवसांत आकसून बंद होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र ती उघडी राहू शकते.

गर्भवतींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी ही नलिका पोटातच आकसू शकते. पाचव्या महिन्यानंतर कंबर दुखली तरी अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

काही जन्मजात हृदयदोष नलिका मिटल्यावरच उघड होतात. तोवर बाळ घरीही आलेले असते. म्हणून घरी जाण्यापूर्वी बाळाच्या हातापायाला ऑक्सिमीटर लावून तपासणी करण्याविषयी विचारा. ती मुळीच दुखत नाही. ओठ-जीभ निळसर दिसणे, दूध पिताना धाप किंवा घाम येणे, अशी लक्षणे दिसताच डॉक्टर गाठा.

उपचार आहेत. चंदीगढची पीजीआय, मुंबईचे वाडिया रुग्णालय अशा ठिकाणी बालहृदयरोगांवर उपचार होतात. शिवाय 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांचाही समावेश आहे. गरज आहे ती वेळेवर लक्ष जाण्याची.