काठी आणि कपाळ

अंध माणसाला सर्वांत मोठे भय खड्ड्याचे असेल, अशी आपण डोळस मंडळी समजूत करून घेतो. पण खड्डा काठीला सापडतो. पायरी सापडते, गटार सापडते, फुटपाथची कड सापडते. सापडत नाही ते कपाळाच्या उंचीवरचे. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकचा उघडा फाळका घ्या. काठी त्याच्याखालून बिनदिक्कत पुढे जाते, 'वाट मोकळी आहे' असे कळवते, आणि मागून येणाऱ्या धन्याचे कपाळ फुटते!

आमच्या इमारतीत एक काका आहेत. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. वर्षानुवर्षे एकटे लोकलने गेले-आले. निवृत्त झाल्यावर अशाच एका फाळक्याने त्यांच्या भुवईला पाच टाके पडले. टाके आठवड्यात निघाले, पण घरच्यांनी घेतलेला धसका निघेना. "कुणाला तरी बरोबर न्या हो," असे सगळे मायेनेच म्हणत. काकांनी बाहेर जाणेच सोडले. मला म्हणाले, "अहो, मला सोबत नको आहे. मला बाहेर जायचे आहे."

काठीचा दोष म्हणावा तर तोही नाही. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी १९४४ च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हॅली फोर्जच्या लष्करी रुग्णालयात लांब काठीची पद्धत बसवली. छातीपर्यंत उंच काठी, पावलाच्या तालावर डावी-उजवीकडे फिरवायची. जगभर आजही तीच शिकवतात. मात्र ती जमिनीपुरती.

वरच्या अंगाचे काय, या प्रश्नाला उत्तर सुचवले वटवाघळाने. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळात परततो त्यावरून अंतर ओळखायचे. लेस्ली के या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात हातात धरायची 'ध्वनीची बॅटरी' बनवली. तिचा निरोप कानात सूर होऊन येई. वस्तू दूर तर सूर उंच, जवळ तर खालचा. कल्पना मोठी देखणी! पण माझ्या मते गफलत तिथेच होती. अंध माणसाचे कान आधीच कामात असतात. मोटार कुठून येते, गल्लीचे तोंड कुठे आले, भिंत संपली का, हे सारे कानांवर चालते. त्याच कानात आणखी पिपाणी वाजवून कसे चालेल?

दिल्लीच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक एम. बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कान मोकळे ठेवले. 'सक्षम' या संस्थेच्या साहाय्याने अंध लोकांकडून वापरून पाहत त्यांनी 'स्मार्टकेन' घडवली आणि २०१४ मध्ये ती बाजारात आली, किंमत सुमारे ३००० रुपये. नेहमीच्या पांढऱ्या काठीलाच मूठ म्हणून हे यंत्र बसते. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा ३ मीटरांवरून ओळखते आणि मुठीत थरथर करते. जसजसे जवळ जाल तसतशी थरथर बदलते. ३ मीटर जाऊन परत यायला ध्वनीला सेकंदाचा पन्नासावा हिस्साही लागत नाही. जमीन मात्र काठीनेच चाचपायची. खड्डा यंत्राला कळत नाही. रोज चार्जिंगचीही आठवण ठेवावी लागते.

काकांच्या भाच्याने ती आणून दिली. पहिले काही दिवस ते वैतागले, कारण गल्लीत प्रत्येक स्कूटरला मूठ थरथरे. मग हात सरावला. आता संध्याकाळी वाचनालयापर्यंत एकटे जातात. काकू गॅलरीत उभ्या राहतात, पण हाक मारत नाहीत. दिवाळीत फटाक्यांनी कान बधिर झाले तरी हाताला निरोप पोहोचतो. मंडपाचा आडवा बांबू त्यांना परवा कोपऱ्यावरच कळला. बांबू डोक्याच्या उंचीवर का बांधला, असे त्यांनी मंडळाच्या पोरांना खडसावून विचारले, आणि पोरांनी तो निमूटपणे वर घेतला.

दादर स्टेशनात मात्र काका यंत्र सरळ बंद करतात. चहूकडे माणसेच माणसे, मूठ थांबायलाच तयार नाही. तिथे ते नुसती काठी आपटत "जरा सरका!" म्हणतात.