गोळी मिळते, पण नीट बोलणं होतं का?

इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून गर्भनिरोधक गोळी सुरू करायला जीपीची वेळ घ्यावी लागत नाही. बऱ्याच औषधांच्या दुकानांत फार्मासिस्टच रक्तदाब बघतो, वजन-उंची विचारतो आणि गोळी फुकट देतो. सोय चांगलीच आहे. पण त्यामुळे सगळा भार आला तो त्या काही मिनिटांच्या बोलण्यावर.

बोलणं चुकलं की काय होतं, ते ब्रिटनने १९९५ मध्ये पाहिलंय. काही नव्या गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका 'दुप्पट' होतो, असा इशारा तेव्हा सरकारी समितीने दिला. दुप्पट म्हणजे किती? साधारण सात हजार बायकांत एकीऐवजी दोघी. पण लोकांच्या कानावर गेला तो 'दुप्पट' हाच शब्द. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. खरं तर गुठळीचा धोका गोळीपेक्षा गरोदरपणात जास्त असतो! म्हणून डॉक्टरांनी 'थोडा धोका' न म्हणता आकडा सांगावा, आणि आपणही तो मागावा.

आपल्या बायकांची अडचण आणखी वेगळी. भारतातल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. गोळी घेणाऱ्या फक्त ५.१ टक्के. म्हणजे आई-मावशीला माहीत ती तांबी, नाहीतर ऑपरेशन. इथे डॉक्टर विचारतात, "तुम्हाला काय हवंय?" आणि आपण म्हणतो, "तुम्हीच सांगा."

तसं करू नका. अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चमकतं का, सिगारेट ओढता का, रक्तदाब आहे का, हे न लाजता सांगा. दोन हार्मोनची गोळी चालत नसेल, तर एका हार्मोनची गोळी, इम्प्लांट किंवा कॉइल असे पर्याय असतात. इंग्रजी अडत असेल तर नवऱ्याला किंवा सासूबाईंना मध्ये घेऊ नका. एनएचएसकडे दुभाषी मागा, पैसे पडत नाहीत.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला पंचेचाळिशीच्या आत गुठळी झाली होती का? याचं उत्तर तिकडे सांगली-नागपुरात आहे. तेव्हा लेकीने फोनवर हे विचारलं, तर "असले प्रश्न कशाला?" म्हणू नका. आठवून, खरं काय ते सांगा.