आत कोण आहे?

आगीच्या ठिकाणी बंब पोचताच जमलेल्या गर्दीतून एकच आरोळी उठते, "आत माणसे आहेत!" ती खरी की खोटी, याचा निवाडा करण्यास त्या वेळी कोणालाच सवड नसते. अग्निशमन दलाचा जवान ती खरी मानूनच धुरात शिरतो.

अमेरिकेतील वूस्टर शहरात ३ डिसेंबर १९९९ रोजी एका ओस पडलेल्या शीतगृहाला आग लागली. आत बेघर माणसे राहत असावीत, असे दलाला कळले. इमारत सहा मजली, जवळजवळ बिनखिडक्यांची, भिंतींना बूच व फोम यांचे अस्तर. शोधास गेलेले दोन जवान धुरात वाट चुकले. सिलिंडरमधील हवा संपत आल्याचे त्यांनी बिनतारी यंत्रावरून कळविले. त्यांना आणावयास गेलेले आणखी चौघे परतले नाहीत आणि ते दोघेही परतले नाहीत. अखेर एक अधिकारी जिन्याशी आडवा उभा राहिला व उरलेल्यांना त्याने आत जाण्यास मनाई केली. ज्यांच्यासाठी हा शोध चालला होता, ते दोघे मेणबत्ती कलंडून आग लागल्यावर वर्दीही न देता केव्हाच निघून गेले होते.

हे दूरदेशीचे उदाहरण म्हणून सोडून देता येत नाही. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासाला आग लागली. रहिवासी बचावले, इमारतीचा भाग कोसळून सापडलेले दलाचे चार वरिष्ठ अधिकारी मात्र दगावले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हे त्यांपैकी एक होत.

शौर्याची वाण या दलाला कधीच नव्हती. दोघांनी मिळूनच आत जावे, परतीची होज वा दोरी सोडू नये, आत गेलेल्याचे नाव व वेळ दाराशी नोंदावी, दुसरी तुकडी बाहेर सज्ज असावी, हे नियमही जुनेच आहेत. अर्ध्या तासाचा म्हणविला जाणारा सिलिंडर धापा टाकणाऱ्या माणसाला अर्धा तास पुरत नाही, हेही अधिकारी जाणतात. पण बाहेर आक्रोश चालू असता "आता कोणी आत जाणार नाही" असे म्हणणे सोपे नव्हे. (वृत्तपत्रांत छायाचित्र येते, तेही आत शिरणाऱ्याचे.) असा हुकूम देणाऱ्यावर मागाहून भित्रेपणाचा ठपका येणार नाही, अशी हमी महानगरपालिकेने त्याला लेखी दिली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नागरिकांचे काय? २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे अग्निरोधक व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. पण पोटमाळ्यावर कोण निजते, कोणत्या खोलीत अंथरुणाला खिळलेली वृद्धा आहे, हे त्या कागदावरून समजत नाही. प्रत्येक गृहसंस्थेने अशी यादी रखवालदारापाशी ठेवावी, बाहेर पडलेल्यांनी ठरल्या जागी जमून मोजदाद द्यावी आणि नातलगाकडे निघून जाणाऱ्याने तसे सांगून जावे. यादीत दुकानात झोपणाऱ्या नोकरांची नावे असावीत; रखवालदाराचेही असावे.