मोजावे ते आणि मानावे ते

ज्ञान पुरेसे वाढले की नीतीचे प्रश्न आपोआप सुटतील, असे मानणारा एक पक्ष आहे. विज्ञानाचा आणि नीतीचा काही संबंधच नाही, असे म्हणणारा दुसरा. हा जुना वाद मावळच्या भूमीवर तपासला, तर दोन्ही पक्षांचे अपुरेपण ध्यानात येते.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली. योगपरंपरेवर त्यांची श्रद्धा होती. तरीही तिची विधाने प्रयोगाने पारखून घ्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखविले आणि असे निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडले. दाब मोजता आला. मात्र साधनेने कमावलेले आरोग्य कोणत्या कार्यी वेचावे, याचे उत्तर त्या उपकरणात उमटणारे नव्हते.

हीच मर्यादा पवनेच्या पाण्याने अधिक कठोरपणे दाखविली. धरणाचे पाणी नदीपात्रात सोडून रावेतला उचलण्याऐवजी बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याची योजना निघाली. वाटेतील गळती व प्रदूषण टळेल, हा तिच्यामागील तर्क चुकीचा नव्हता. परंतु पात्र आटले तर शेतीसाठी उपसा कशाचा करावयाचा, ही काठच्या शेतकऱ्यांची चिंताही अनाठायी नव्हती. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावरील आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा बळी गेला.

जलवाहिनीने किती पाणी वाचेल, काठच्या विहिरींना किती पाझर उरेल, हे जलशास्त्र सांगू शकते. शहरातील घागर आधी भरावी की मावळातील वाफा आधी भिजवावा, हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. तहान दोन्हीकडची खरी. त्यांतील न्याय समतेच्या व संमतीच्या मूल्यांवरच ठरतो, आणि ही मूल्ये माणसांनी एकत्र बसून मान्य करावी लागतात.

मग नीतीच्या दारात विज्ञान परके ठरते काय? मुळीच नाही. मोजल्यावाचून केलेली पाणीवाटणी म्हणजे केवळ बळवंताची मर्जी. शिवाय प्रयोगशाळेची एक शिस्त आहे: गैरसोयीची नोंद पुसावयाची नाही. वाचलेले पाणी हिशेबात धरून आटणारी विहीर वगळणे, हे शास्त्राच्या दृष्टीने खोटे आणि नीतीच्या दृष्टीने अन्यायाचे. विज्ञान ध्येय देत नसेल. पण ध्येयाच्या नावाखाली होणारी आत्मवंचना ते उघडी पाडते.

तेव्हा सार्वजनिक योजनेच्या तक्त्यात लाभाच्या आकड्यांशेजारी कोणाचे किती जाते, याचाही रकाना असावा. आणि निर्णयाच्या बैठकीत त्या रकान्यातील माणसांना खुर्ची असावी.