अक्षर मोठे करण्याचा अधिकार

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा आपला छापील शब्द आपल्या माणसांपर्यंत पोहोचवणे हेच मोठे आव्हान होते. आज तो शब्द मोबाइलवर आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या वाङ्मयाचे खंड पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. तरीही आपल्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत साठी ओलांडलेला वाचक दोन पाने वाचून मोबाइल बाजूला ठेवतो. आम्ही याला वाचनाची अनास्था मानत नाही. दोष पानाच्या मांडणीत आहे.

पीडीएफ हे छापील पानाचेच रूप. त्यात ओळ कोठे तुटावी हे आधीच ठरलेले असते. ग्रंथाचे पान मोबाइलच्या पडद्यावर मावण्यासाठी आकसते आणि अक्षरही त्याच प्रमाणात बारीक होते. बोटांनी ते दुप्पट करावे, तर संपूर्ण पान दुप्पट होऊन निम्मी ओळ पडद्याबाहेर जाते. बाबासाहेबांचा युक्तिवाद पायरीपायरीने चढतो. ओळीगणिक पान सरकवणाऱ्याच्या हातून त्याचा धागा सुटतो.

ईपबसारख्या प्रवाही मांडणीत अक्षराचा आकार वाचक ठरवतो. अक्षर वाढवले की ओळी पडद्याच्या रुंदीनुसार नव्याने जुळतात. शीर्षके व तळटिपा मूळ अक्षराच्या पटीत दिलेल्या असतील, तर त्यांचे परस्परप्रमाणही टिकते. देवनागरीला याची गरज अधिक आहे. आकार लहान झाला की शिरोरेषेवरचे रफार-अनुस्वार आणि खालचे उकार प्रथम दिसेनासे होतात. म्हणून अक्षरासोबत ओळींमधील अंतरही वाढले पाहिजे.

छापील ग्रंथ घ्यावा, असे कोणी म्हणेल. अवश्य घ्यावा. पृष्ठक्रमांकासह संदर्भ देण्यासाठी पीडीएफही हवी. परंतु छापील अक्षर मोठे करता येत नाही, आणि पानाचे नुसते छायाचित्र असलेल्या पीडीएफमधील मजकूर अंधांसाठीच्या वाचक-प्रणालीला वाचता येत नाही.

बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत २०१६ च्या अखेरीस संपली आहे. संगणक क्षेत्रात स्थिरावलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी त्यातील एकेक मराठी लेख युनिकोडमध्ये टंकित करून प्रवाही स्वरूपात आणावा. मूळ प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहण्याचे काम आम्ही शिक्षक करू. वसतिगृहातील मुलाने तो लेख सुट्टीत घरी न्यावा आणि आजीच्या डोळ्यांना मानवेल एवढे अक्षर तिने स्वतः मोठे करून वाचावे. ग्रंथ सर्वांसाठी खुला आहे, असे तेव्हाच म्हणता येईल.